जिताडा ‘होतो’ म्हणजे नेमके काय होते?

खारेपाटात तळे काढण्यापूर्वी पाण्याची पारख हवी

मासळीच्या धंद्यात पैसा घालू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : “आमच्याकडे जिताडा होतो. मग तळे खणून तोच वाढवला तर काय वाईट?” प्रश्न रास्त आहे. परंतु यातल्या ‘होतो’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. जिताडा आमच्या खाडीत सापडतो, ही पहिली. तो आमच्या पाण्यात वाढतो, ही दुसरी. आणि तो आमच्याकडे अंडी घालतो, ही तिसरी. पहिली गोष्ट खरी असली म्हणजे पुढच्या दोन आपोआप खऱ्या ठरत नाहीत. या तीन गोष्टींची गल्लत झाली की तळ्यात पैसा जातो आणि बाहेर निघत नाही.

रायगड जिल्ह्यात पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात गावतळ्यात, भातशेतीच्या कडेच्या खड्ड्यात जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. पाहुण्याला, जावयाला किंवा ज्याच्याकडे काम अडले आहे अशा बड्या असामीला जिताडा पोहोचवण्याची प्रथाही इकडे सर्वांच्या परिचयाची आहे. आता या घरगुती रीतीचे रूपांतर व्यवसायात करावे, असा विचार पुष्कळजण करतात. आखाती देशांत दहा-पंधरा वर्षे नोकरी करून गावी परतलेले आणि शिल्लक रक्कम कोठे गुंतवावी या विवंचनेत असलेले कोकणी तरुणही त्यात आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून पेण तालुक्यातील जिते या गावाचा परिसर समोर ठेवून या माशाच्या पाण्याचा हा विचार.

नकाशावर सगळे एकसारखे

जिताड्याचे शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली त्याची नोंद केली. हा मासा पश्चिमेला इराणच्या आखातापासून भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, दक्षिण चीन, तैवान असा पसरत पापुआ न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. उत्तरेला सुमारे २४ अंश आणि दक्षिणेला सुमारे २५ अंश अक्षांशांच्या दरम्यान त्याचा मुलूख आहे. गोव्यात तो चोणक, बंगालमध्ये भेटकी, आंध्रात पंडुगप्पा, तामिळनाडूत कोडुवा, केरळात काळांजी, मलेशियात सियाकप, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इतक्या बाजारांत इतक्या नावांनी विकला जाणारा खाडीचा दुसरा मासा क्वचितच सापडेल.

हा सगळा मुलूख नकाशावर एका रंगाने रंगवला की वाटते, या पट्ट्यात कोठेही जिताडा सारखाच पिकेल. प्रत्यक्षात तसे नाही. बोंबलाचे उदाहरण घ्यावे. गुजरात आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर बोंबील मुबलक सापडतो. रत्नागिरीच्या खाली जावे तसा तो विरळ होतो, आणि मधला लांबलचक किनारा ओलांडल्यावर बंगालच्या बाजूला पुन्हा विपुल मिळतो. किनारा एकच, समुद्र सलग, तरीही मासा सलग नाही. कारण पाण्याचा खारटपणा, उष्णता, गढूळपणा, नद्यांचा गाळ आणि अन्न या गोष्टी जागोजाग बदलतात.

शास्त्रज्ञ याला अधिवासाची अनुकूलता म्हणतात. मासा जेथे जेथे सापडला त्या जागा घेऊन तेथील तापमान, खारटपणा, खोली वगैरे आकडे जमवायचे आणि त्यावरून प्रत्येक पाण्याला शून्य ते एक असे गुण द्यायचे, ही त्यांची पद्धत. शून्य म्हणजे अगदी निरुपयोगी, एक म्हणजे उत्तम. पद्धत उपयोगी आहे, परंतु मोठ्या मुलखाची सरासरी ती एका गावाला लावते. मुलखाच्या मध्यभागी मासा सर्वांत जास्त आणि कडेला कमी, असाही एक समज बराच काळ प्रचलित होता. २००२ साली दोन अमेरिकी संशोधकांनी अनेक प्राणी-वनस्पतींवरील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निम्म्याहून कमी ठिकाणी हा समज खरा ठरला. म्हणजे गाव मुलखाच्या मध्यावर आहे की कडेला, यावरून धंद्याचा निर्णय करता येत नाही. तेथील पाणीच पाहावे लागते.

एका माशाला तीन पाणी

जिताड्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण त्याला जन्मासाठी एक पाणी लागते, बालपणासाठी दुसरे आणि वाढीसाठी तिसरे.

अंडी घालण्यासाठी तो खाडीच्या मुखाशी जातो. तेथे पाण्याचा खारटपणा हजारी २८ ते ३२ भागांच्या आसपास असावा लागतो. निव्वळ समुद्राचे पाणी हजारी ३५ भाग खारट असते, त्याच्या थोडे खाली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या भरतीबरोबर अंडी सोडली जातात. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. कोमट पाण्यात ती १२ ते १८ तासांत फुटतात. भरतीचे पाणी ही बारीक पिल्ले आत लोटते.

मग येते दुसरे पाणी. तिवरांची मुळे, खाजणातील डबकी, उथळ नाले, जेथे मोठा मासा पोहोचत नाही आणि बारीक कोळंबी, किडे भरपूर मिळतात. येथे खारटपणा कमी-जास्त झाला तरी पिल्लाला चालते. आमच्याकडे आगोटीनंतर पहिल्या पावसांत खाडीकाठच्या लोकांना पिल्ले दिसू लागतात ती येथेच. ती झोळीने किंवा बारीक जाळ्याने धरून गावतळ्यात सोडतात.

तिसरे पाणी वाढीचे. जिताडा गोड्या पाण्यात, निमखाऱ्या पाण्यात आणि समुद्रातही वाढतो. मात्र त्याला उष्णता हवी. पाण्याचे तापमान २६ ते ३० अंश असेल तर तो उत्तम खातो. २० अंशांच्या खाली गेले की खाणे मंदावते आणि वाढ थांबते.

आणखी एक विलक्षण गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. ऑस्ट्रेलियात हा बदल साधारणपणे सहा ते आठ वर्षांच्या वयात होतो. तेथेच कार्पेंटारिया आखाताच्या काही भागांत मात्र मासे आकाराने लहान असतानाच मादी होतात. जात एक, देश एक, तरी प्रत्येक पाण्याची चाल वेगळी. आमच्या खाडीत दोन-तीन किलोचे सगळेच जिताडे धरून संपवले, तर पुढे अंडी घालणाऱ्या माद्या कोठून येणार, हा प्रश्न यातून उभा राहतो.

जित्याचे पाणी

जिते हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलहून पेणकडे येताना खारपाड्याचा पूल ओलांडल्यावर लागते. रेल्वेने आल्यास आपटा आणि हमरापूर या स्थानकांच्या मध्ये जिते स्थानक आहे. ही रेल्वे १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचली. खारपाड्याच्या पुलाखालून वाहते ती पाताळगंगा. खोपोलीच्या डोंगरातून आलेली ही नदी या पट्ट्यात भरती-ओहोटीच्या कक्षेत येते आणि पुढे खाडी होऊन धरमतर-करंजाच्या पाण्याला मिळते. हे सारे पाणी करंजा आणि रेवस यांच्यामधून मुंबई बंदराच्या समुद्रात जाते.

पाताळगंगेचे एक वैशिष्ट्य आहे. कोकणातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. पाताळगंगा तशी आटत नाही, कारण खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिच्यात येते. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून त्यावर वीज काढतात आणि ते पाणी नदीत सोडतात. रोह्याच्या कुंडलिकेलाही १९२७ पासून भिऱ्याच्या वीजकेंद्राचे पाणी असेच मिळते. त्यामुळे पेण-रोहे भागातील या दोन नद्यांच्या खाड्यांत खारे आणि गोडे पाणी जेथे भेटते ती सीमा, शेजारच्या आटणाऱ्या नद्यांहून निराळी पडते. एकाच जिल्ह्यातील दोन खाड्यांना एकच गुण देता येत नाहीत तो या कारणाने.

आता जित्याच्या पाण्याला तीन कसोट्या लावून पाहू. अंडी घालण्याच्या कसोटीवर हा परिसर बसत नाही. तो खाडीच्या वरच्या अंगाला आहे आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या विणीच्या हंगामात, येथून गोड्या पाण्याचा लोट जातो. बालपणाच्या कसोटीवर परिसर चांगला आहे, परंतु त्यासाठी पिल्लाला मुखापासून येथवर येण्याची वाट मोकळी असली पाहिजे. वाढीच्या कसोटीवर तो सर्वांत चांगला ठरतो. पाणी वर्षातला बराच काळ उबदार, तळ्यात पावसाचे पाणी साठवण्याची सोय, मुंबई-पनवेलची बाजारपेठ रस्त्याने आणि रेल्वेने हाताशी. उणी बाजू दोन. थंडीत उथळ तळ्याचे पाणी पहाटे गार होते, आणि नदीच्या वरच्या अंगाला रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्टा असल्यामुळे नदीचे पाणी तळ्यात घेण्यापूर्वी तपासून घेणे भाग आहे.

थोडक्यात, जिताड्याला वाढवण्यासाठी जिते योग्य, परंतु त्याला जन्म देण्यासाठी नाही. येथील धंद्याची सगळी भिस्त दुसरीकडून येणाऱ्या पिल्लांवर आहे.

वाट बंद झाली की

ही पिल्ले येतात कशी? खारेपाटातली शेती समुद्राचे पाणी अडवून उभी आहे. मातीच्या बंदिस्तीमागे भात पिकते. पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी बंदिस्तीत उघाड्या असतात. भरतीला उघाडीचे दार बंद होते, ओहोटीला उघडते. पूर्वी ही बंदिस्ती गावकरी सामुदायिक श्रमाने राखत. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आल्यावर शासनाचे खारभूमी खाते हे काम पाहू लागले. बंदिस्तीला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि भात जाते. शेतकऱ्यांची ही तक्रार खरी आहे. पण त्याच खाऱ्या पाण्याबरोबर जिताड्याचे पिल्लूही आत येते. ज्या भिंतीने भात वाचतो तीच भिंत माशाची वाट अडवते, असा हा पेच आहे.

या पेचाला तोड नाही असे नव्हे. गोव्याच्या खाजणांत ‘मानस’ नावाच्या लाकडी दारांमधून पाण्याची आवक-जावक ठरवून केली जाते. भात आणि मासळी दोन्ही घेण्याची तेथे परंपरा आहे. केरळातील पोक्कळी शेतांत पावसाळ्यात भात आणि उरलेल्या काळात कोळंबी घेतात. उलट उदाहरणही केरळातच आहे. वेंबनाड सरोवरात खारे पाणी रोखण्यासाठी १९७६ साली तण्णीरमुक्कम येथे बंधारा सुरू झाला. भाताला त्याचा लाभ झाला, परंतु समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या मासळीची वाट तुटली, आणि दारे किती दिवस उघडी ठेवावीत यावरून शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वाद होत राहिले.

सर्वांत बोलके उदाहरण ओरिसातील चिल्का सरोवराचे. सरोवराचे समुद्राकडील तोंड गाळाने भरत गेले, पाणी गोडे होत गेले आणि मासळी घटली. १९९९-२००० साली तेथील एकूण उत्पादन पावणेदोन हजार टनांच्या आसपास आले होते. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे तोंड खोदण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांत उत्पादन अकरा हजार टनांच्या वर गेले. सरोवर तेच, मच्छीमार तेच, जाळीही तीच. बदलली ती फक्त वाट.

धरमतरच्या खाडीत आज बार्जेसची ये-जा आहे, बंदर आहे, कारखाने आहेत आणि महामार्गाला लागून घरबांधणी वाढली आहे. विकास थांबवा असे कोणी म्हणत नाही. परंतु पेण-जिते पट्ट्यातल्या तळ्यांचा धंदा खाडीच्या मुखाशी आणि काठच्या तिवरांशी बांधलेला आहे, ही गोष्ट तळेवाल्याने विसरू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांची तोड रोखणारा आदेश दिला आणि २०१८ साली त्यावर अंतिम निर्णय दिला. ज्याला तिवर तोडून तळे रुंद करण्याचा मोह होतो, त्याने हा कायदा तर पाहावाच. शिवाय पिल्लाचा पाळणाच आपण तोडत आहोत हेही पाहावे.

इतर मुलखांचा अनुभव

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतातील फिट्झरॉय नदीवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी नदीला पाणी अधिक, त्या वर्षी जन्मलेली बारामुंडीची पिढीही मोठी, असे त्यात दिसले. नदीवर धरण बांधून पाणी अडवले की त्याचा परिणाम खाली खाडीत काही वर्षांनी जाणवतो, कारण लहानपणी मेलेला मासा तीन-चार वर्षांनी जाळ्यात कमी येतो. आपल्याकडे पाऊस कमी झालेल्या वर्षी पिल्ले कमी मिळाली तर खाडीतल्या मोठ्या जिताड्यांची टंचाईही पुढे येणार, हे यावरून समजावे.

त्याच प्रांतातील टिनारू तलावाची गोष्ट जित्याच्या तळेवाल्याला आपलीच वाटेल. पठारावरच्या या धरणात १९८० च्या दशकापासून बारामुंडीची बोटभर पिल्ले सोडली जातात. मासे प्रचंड वाढतात, पर्यटक ते धरायला येतात, पण तेथे त्यांची वीण होत नाही. पिल्ले सोडायची थांबवली तर काही वर्षांत तलावातला हा मासा संपेल. वाढीचे पाणी उत्तम, जन्माचे पाणी नाही.

याच्या पलीकडचाही अनुभव आहे. तांबड्या समुद्रात हा मासा मूळचा नाही. तरी सौदी अरेबियात तो तेथे पिंजऱ्यांत वाढवला जातो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, जेथे हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे बंदिस्त टाक्यांत गरम पाण्यात तो वाढवण्याचा कारखानाच निघाला. म्हणजे मासा मुळात कोठे सापडतो आणि तो कोठे पिकवता येतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पैसा आणि यंत्रे ओतून प्रतिकूल पाणी अनुकूल करता येते. परंतु ज्याचे पाणी निसर्गतःच अनुकूल आहे त्याचा खर्च वाचतो, आणि खेड्यातल्या लहान तळेवाल्याची खरी पुंजी हीच आहे.

बीज कोठून आणायचे?

खाडीतले पिल्लू फुकट मिळते असे वाटते, पण ते हंगामावर आणि नशिबावर अवलंबून. शिवाय लहान-मोठी पिल्ले एकत्र आली की मोठी लहानांना गिळतात. जिताडा आपल्याच जातभाईला खातो. म्हणून सुरुवातीच्या काळात दर पाच-सात दिवसांनी पिल्ले आकारानुसार निवडून वेगळी करावी लागतात. हे काम टाळणाऱ्याच्या तळ्यात शेवटी थोडेच पण मोठे मासे उरतात, आणि पाहणाऱ्याला वाटते पीक छान आले.

कृत्रिम पद्धतीने जिताड्याची अंडी उबवण्याचे तंत्र थायलंडने १९७० च्या दशकात बसवले. भारतात चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी जलकृषी संशोधन संस्थेला, म्हणजे सीबाला, १९९७ साली त्यात यश आले. समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी जलकृषी केंद्राने तामिळनाडूत जिताड्याचे बीजकेंद्र उभारले. त्यामुळे खाडीवर विसंबून न राहता एकसारख्या आकाराचे बीज मागवता येते. मात्र पूर्वेच्या किनाऱ्यावरून कोकणात आणताना लागणारा प्रवास, मरतूक आणि भाडे हिशोबात धरले पाहिजे. बीज आल्याबरोबर तळ्यात न ओतता पिशवीतल्या पाण्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून त्याला सवय करून द्यावी. खाऱ्या पाण्यातले बीज एकदम गोड्या पाण्यात टाकल्यास मरतूक होणारच.

परदेशी बीजाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. २०१६ साली सिंगापूरच्या संशोधकांच्या पुढाकाराने या माशाच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात भारताकडचा, आग्नेय आशियातला आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीचा असे तीन वेगळे गट दिसून आले. त्याआधी २०१२ साली श्रीलंका आणि म्यानमारमधील दोन मासे तर वेगळ्याच जाती म्हणून नोंदले गेले, जे तोवर जिताडा म्हणूनच समजले जात. तेव्हा थायलंडच्या पाण्यात उत्तम वाढलेले बीज पेणच्या पाण्यात तसेच वाढेल, असे गृहीत धरू नये. तसेच ते पुराच्या पाण्याबरोबर खाडीत सुटले तर आमच्या मूळ जिताड्यात मिसळेल, हाही धोका आहे.

कागदावर हिशोब

आता थोडे आकडे. चांगल्या व्यवस्थेत बोटभर पिल्लू सहा ते बारा महिन्यांत ३०० ते ५०० ग्रॅम होते आणि दीड ते दोन वर्षांत तीन किलोपर्यंत जाते. टाकाऊ मासळी खाऊ घातली तर एक किलो जिताड्यामागे चार ते आठ किलो मासळी खर्ची पडते. कारखान्यात तयार झालेले गोळी खाद्य चांगले असेल तर दोन किलोच्या आत भागते, पण ते महाग असते.

समजा, हजार पिल्ले सोडली. निम्मी जगली आणि प्रत्येक एक किलोची झाली तर ५०० किलो माल निघाला. पाचास एक या प्रमाणाने २,५०० किलो टाकाऊ मासळी लागली. तिचा भाव किलोला ३० रुपये धरला तर खाद्यावर ७५,००० रुपये, म्हणजे किलोमागे १५० रुपये झाले. आता समजा, निवड न केल्याने २०० च जगली, पण प्रत्येक दीड किलोची झाली. माल ३०० किलो. खाद्याचा खर्च किलोमागे तेवढाच, परंतु बीज, तळ्याची खोदाई, राखण आणि वाहतूक हा खर्च ५०० ऐवजी ३०० किलोंवर पडतो. मासा मोठा दिसला तरी नफा लहान झाला. येथे ३० रुपये हा भाव केवळ उदाहरणादाखल आहे. वाचकांनी आपापल्या बाजाराचे दर घालून हे गणित स्वतः करावे.

पारंपरिक गावतळ्यात खाद्याचा खर्च जवळजवळ नसतो, कारण जिताडा तळ्यातलीच लहान मासळी खातो. म्हणून तेथे थोडी पिल्ले सोडून थोडा पण निर्भेळ नफा मिळतो. त्याच तळ्यात दसपट पिल्ले सोडली की दसपट नफा होईल, हा समज मात्र खोटा. पाण्याची अनुकूलता तळ्यातल्या गर्दीनेही बदलते.

करायचे काय?

ज्यांना या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी प्रथम एक वर्ष पाण्याला द्यावे. खारटपणा मोजण्याचे लहान यंत्र, ज्याला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, आणि एक तापमापक एवढे पुरे. दर महिन्याला दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, खाडीचे आणि तळ्याचे पाणी मोजून वहीत लिहावे. थंडीत पहाटेचे तापमान अवश्य घ्यावे. पिल्ले कोणत्या तिथीला, कोणत्या नाल्यात आणि किती दिसली, हे वयस्कर मच्छीमारांना विचारून टिपून ठेवावे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत काय बदलले याची माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नाही.

दुसरे, परवानगी. किनाऱ्याजवळ आणि खाडीकाठी मत्स्यशेती करण्यासाठी २००५ च्या किनारी जलकृषी प्राधिकरण कायद्याखाली नोंदणी लागते. या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या २०१७ च्या उपजीविका योजनेत खेकडा, कालवे यांच्याबरोबर जिताड्याचे पिंजरेही आहेत. कोणती योजना या वर्षी चालू आहे आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे अलिबाग येथील मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. दलालाच्या तोंडी भरवशावर पैसे देऊ नयेत.

तिसरे, भागीदारी. एकट्याने बीज मागवण्यापेक्षा चार-पाच तळेवाल्यांनी मिळून मागवले तर वाहतूक परवडते आणि पिल्लांची निवडही एकत्र करता येते. गावकरी, खारभूमी खाते आणि मच्छीमार यांनी एकत्र बसून पावसाळ्यात उघाड्यांचे वेळापत्रक ठरवले, तर भाताला धक्का न लागता पिल्लांची थोडी वाट मोकळी ठेवता येईल का, हे पाहण्यासारखे आहे. गोव्यात ते पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

आणि शेवटी मोठ्या जिताड्यांविषयी. विणीच्या हंगामात खाडीच्या मुखाशी सापडलेली गाभोळीची मोठी मादी बाजारात चांगला भाव आणते हे खरे. पण ती एक मादी म्हणजे खारेपाटातल्या कित्येक तळ्यांचे पुढच्या वर्षीचे बीज आहे. करंजा-रेवसच्या मच्छीमारांनी आणि पेण-जित्याच्या तळेवाल्यांनी ही गोष्ट आपसात बसून ठरवावी. एकाचे पाणी दुसऱ्याच्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि कोणाही एकाला हा धंदा एकट्याने टिकवता येणार नाही.